खुर्चीत बसलेली बहीण

बिल्ल्यांवरून सुरुवात झाली.

सकाळी दहाला समता सप्ताहाची एक स्वयंसेविका पुठ्ठ्याचा खोका घेऊन विद्यापीठाच्या अतिथिगृहात आली आणि तिनं एकेकाच्या गळ्यात बिल्ला अडकवला. चिमीच्या बिल्ल्याची दोरी लाल होती आणि त्यावर 'सन्मानमूर्ती' असं छापलं होतं. बाकी चौघांना पांढऱ्या दोऱ्या मिळाल्या. त्यांच्या बिल्ल्यांवर एकच शब्द होता, 'नातेवाईक'.

"समता सप्ताह, आणि दोऱ्या दोन रंगांच्या," वहिनी म्हणाली. "बरं, नातेवाइकांनी बसायचं कुठे? पहिल्या रांगेत ना?"

"तिसऱ्या," स्वयंसेविका म्हणाली. "पहिल्या दोन व्हीलचेअरसाठी आणि खुणांची भाषा बघणाऱ्यांसाठी ठेवल्यात."

वहिनीनं तक्रार करावी तर माणुसकी आडवी येत होती. तिनं दादाकडे, म्हणजे नवऱ्याकडे असं पाहिलं, की जणू तिसरी रांग त्यानंच निवडली होती. दादाचं चष्म्याचं दुकान होतं आणि अवघड प्रसंगी तो स्वतःचा चष्मा काढून पुसायला घेत असे. तो त्यानं घेतला.

ताईनं, दादाच्या पाठच्या आणि चिमीच्या थोरल्या बहिणीनं, बिल्ला उलटसुलट करून पाहिला. चौतीस वर्षं विद्यापीठाच्या बाइंडिंग खात्यात पुठ्ठे कापले होते तिनं, त्याआधी आठ वर्षं रोजावर. "कोपरा तिरका कापलाय," एवढंच ती म्हणाली. घरातल्यांना माहीत होतं, की ताई रागावली की कोपऱ्यांबद्दल बोलते.

दुपारी तीन वाजता ग्रंथालयाच्या मोठ्या वाचन-दालनाला चिमीचं नाव द्यायचं होतं. बेचाळीस वर्षांपूर्वी त्या दालनाच्या दारावर पाटी होती: 'कर्मचाऱ्यांनी कामापुरतेच आत यावे. खुर्च्यांवर बसू नये.' झाडणारे, पाणी भरणारे, खानावळीतले, बाइंडिंगच्या बायका, सगळ्यांना ती लागू होती. पुस्तकं शिवायची, चिकटवायची, कपाटात मांडून यायची, पण त्यातलं एक पान वाचायला खुर्चीवर टेकायचं नाही. एका सोमवारी अकरा वाजता एक मुलगी आत जाऊन खुर्चीत बसली ती पाच वाजेपर्यंत उठली नाही. दोननंतर एकेक कर्मचारी येऊन तिच्या शेजारी बसत गेला. दुसऱ्या दिवशी चाळीस जण बसले. तीन महिन्यांत पाटी उतरली आणि कर्मचाऱ्यांना चिथावलं म्हणून त्या मुलीला वर्षभरासाठी विद्यापीठातून काढलं. आदेशावर नाव चिमीचं होतं.

खुर्चीत ताई होती.

कार्ड चिमीचं होतं, एवढंच. त्या काळी कार्डावर फोटो नसायचा. शेजारी कर्मचारी बसू लागले तेव्हा ग्रंथपालांनी ग्रंथालयाचं कार्ड मागितलं, ताईनं दिलं, त्यांनी नाव उतरवून घेतलं. दोन वर्षं ती त्यांच्या टेबलावर शिवलेली पुस्तकं आणून ठेवत होती, पण बाइंडिंगच्या बायकांच्या तोंडाकडे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. खरं सांगितलं असतं तर ताईची नोकरी गेली असती, आणि वडील विद्यापीठात शिपाई असल्यामुळे मिळालेल्या दोन खोल्याही. वडिलांनी दोघी मुलींना समोर बसवलं आणि सांगितलं, वर्षभर कळ काढा. शेजारी बसलेल्या कामगारांना सगळं ठाऊक होतं, पण आपल्यातलीच एक वाचतेय म्हणून त्यांनी तोंडं मिटली. त्यातले बहुतेक आता राहिलेले नाहीत.

वर्ष संपलं आणि चिमी परत कॉलेजात गेली, तेव्हा मुलांनी तिला दारातून खांद्यावर घेऊन आत नेलं. खांद्यावर बसलेल्या माणसाला खुलासा करायला सुचत नाही. मग पहिलं भाषण झालं, मग दुसरं, मग ती कायद्याची प्राध्यापक झाली, आणि वडिलांनी सांगितलेली वर्षाची कळ बेचाळीस वर्षं चालली. दोन वर्षांपूर्वी ताई निवृत्त झाली, पेन्शन सुरू झाली आणि भीती संपली. भीतीच्या खाली काय आहे ते तेव्हा तिला दिसलं. हेवा होता, चांगला मुरलेला. गेल्या महिन्यात कुलगुरूंचं पत्र आलं, त्या संध्याकाळी तिनं आपल्या लेकीला सगळं सांगून टाकलं.

आता चिमी शेजारच्या खोलीत फोनवर होती. ताईनं दार लोटून घेतलं.

"दादा, मी आज बोलणार आहे."

दादाचा चष्मा हातातच राहिला. "काय बोलणार?"

"झालं ते. शेवटी प्रश्नोत्तरं आहेत ना, तेव्हा उभी राहणार आणि सांगणार."

"झाकली मूठ सव्वा लाखाची असते, ताई." दादा वयानं मोठा, पण सगळं घर ताई म्हणायचं म्हणून तोही म्हणे.

"मूठ माझी आणि सव्वा लाख तिचे. असं किती दिवस चालवायचं?"

"अगं, शिक्षा तिनं भोगली. तिचं वर्ष गेलं. ठरलेलं लग्न मोडलं, पुन्हा जमलं नाही. तू बाइंडिंगला जात होतीस, तुझं काही अडलं नाही. लग्न झालं, मूल झालं. तिनं तुझ्यासाठी तोंड मिटलं तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती."

"तोंड मिटलं एक वर्ष. पुढे जे उघडलं ते आजवर मिटलेलं नाही."

वहिनी आळीपाळीनं दोघांकडे बघत होती. "कुणाची शिक्षा? कसली मूठ? मला कुणी सांगेल का?"

दादानं सांगितलं. चार वाक्यांत सांगितलं, कारण बायकोच्या चेहऱ्याकडे बघत पाचवं वाक्य बोलायची त्याची छाती झाली नाही.

वहिनीला ग्रंथालयाचं काही वाटलं नाही. ती म्हणाली, "अडतीस वर्षं. अडतीस वर्षं मी या घरात आहे. तुमच्या आईचं शेवटचं आजारपण मी काढलं. आणि मला आज कळतंय, तेही बिल्ला घातल्यावर." मग तिची नजर ताईच्या लेकीकडे वळली. "हिला केव्हा कळलं?"

"महिना झाला, मामी," लेक म्हणाली.

"बघा. कालच्या पोरीला महिन्यापूर्वी, आणि मी परकी." वहिनीनं पाण्याचा ग्लास टेबलावर आपटून ठेवला. "ताई, तुम्ही उठाच. मी टाळ्या वाजवीन."

"सकाळपर्यंत तू चिमीचे फोटो मैत्रिणींना पाठवत होतीस," दादा म्हणाला.

"तेव्हा मला कुठे ठाऊक होतं, की आयत्या बिळावर नागोबा बसलाय म्हणून?"

ताईला ते लागलं. चिमीला काय म्हणायचं ते ती स्वतः म्हणणार होती, मनातल्या मनात तर याहून वाईट म्हणून झालं होतं. पण तो हक्क तिनं वहिनीला दिला नव्हता. "नागोबा वगैरे नको, वहिनी," ती म्हणाली. "वर्ष गेलंय तिचं." आणि आपण दादाचंच वाक्य बोललो हे लक्षात येऊन तिला आणखीच राग आला.

*

अतिथिगृहापासून सभागृहापर्यंतच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना मुलांनी टेबलं मांडली होती. एका टेबलावर डोळे बांधून पायऱ्या चढून बघायची सोय होती. दुसऱ्यावर 'तुमच्या कॉलेजात कोण दिसत नाही?' असा मोठा कागद लावला होता आणि मुलं त्यावर लिहीत होती. एका मुलीनं ताईच्या हातात पत्रक दिलं: 'आपला आवाज आपणच व्हा.' ताईनं ते वाचलं, नीट चौघडी केली आणि पिशवीत ठेवलं.

लेक आईबरोबर चालत होती. अठ्ठावीस वर्षांची ती याच विद्यापीठात पीएच.डी. करत होती आणि तिच्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण त्या सोमवारवर होतं. मावशीची तीन तासांची मुलाखत घेऊन, ती ऐकून ऐकून लिहिलेलं. ते आता फाडावं लागणार होतं, पण तिला त्याचं फार दुःख होत नव्हतं. तिला लाज वाटत होती, आणि लाजेला पाय फुटले की माणूस दुसऱ्याला पुढे ढकलतं, तशी ती महिनाभर आईला ढकलत होती.

त्यात दुसरंही काही होतं, ते ती कुणाला बोलली नव्हती. आई बावीस वर्षांची असताना सहा तास खुर्चीत बसून राहिली होती. आपण तिच्याहून सहा वर्षांनी मोठ्या आहोत आणि अजून बसलेल्यांबद्दल लिहितोय. एवढी वर्षं हेवा करायला मावशी पुरत होती. आता घरातलीच निघाली, स्वयंपाकघरात रोज दिसणारी.

"काय बोलायचं ते लिहून आणलंस?" तिनं विचारलं.

"लिहायला कशाला हवं? मी होते तिथे."

"आधी मावशीला सांग, आई. एकदम सगळ्यांसमोर नको."

ताई थांबली. "महिनाभर बोल बोल म्हणून माझ्या मागे लागलीस. आता तिची काळजी?"

"काळजी नाही. पण पाठीमागून केल्यासारखं होईल."

"तुला तिचंच आधी सुचतं. पहिल्यापासून. लहानपणी म्हणाली होतीस, मावशी माझी आई असती तर बरं झालं असतं. तुझ्या हाताला खळीचा वास येतो, म्हणाली होतीस."

"मी सहा वर्षांची होते गं."

"होतीस. मी तीच खळ लावून तुझी शाळेची फी भरत होते."

लेकीनं आईचा हात धरला. मऊ होता, दोन वर्षांत खळीचा वास गेला होता. ताईनं हात सोडवून घेतला नाही, पण म्हणाली, "बरं. सांगते तिला. जे करायचं ते तोंडावर करू."

*

सभागृहामागच्या लहान खोलीत चिमी एकटी बसली होती. समोर भाषणाचे कागद होते. एकसष्टाव्या वर्षीही भाषणाआधी तिचे पाय गार पडत, त्यामुळे चपला काढून ती पाय एकमेकांवर घासत होती. ताई आत आली, तशी तिनं घाईनं चपला घातल्या. ताईसमोर ती अजूनही अशीच वागे.

"बस ना, ताई."

"उभीच बरी आहे."

चिमीला कळलं. ताई निवृत्त झाल्यापासून ती याच क्षणाची वाट बघत होती, फक्त तो केव्हा येईल हे ठाऊक नव्हतं. "आज सांगणार आहेस," ती म्हणाली.

"प्रश्नोत्तरांत. तुला आधी सांगितलं नाही असं नको म्हणून आले."

"सांग. मी अडवणार नाही."

ताईला अडवणं हवं होतं. भांडायची तयारी करून आलेल्या माणसाला समोरच्यानं वाट मोकळी करून दिली की ते लटकतं. "नाही कशी अडवणार?" ती म्हणाली. "दालनाला नाव लागतंय तुझं. मी या विद्यापीठात बेचाळीस वर्षं राबले, माझं नाव हजेरीपटाशिवाय कुठे नाही."

"मी दोनदा विचारलं होतं तुला. नोकरी पक्की झाली तेव्हा विचारलं, आई गेली तेव्हा विचारलं. दोन्ही वेळा तूच म्हणालीस, राहू दे."

"विचारायचं असतं म्हणून विचारलंस. राहू दे म्हटल्यावर किती बरं वाटलं होतं तुला, ते मी पाहिलंय."

ते खरं होतं. चिमीनं कागद सारखे केले, मग पुन्हा विस्कटले.

"मला लोक विचारतात," ती म्हणाली, "त्या दिवशी काय वाटत होतं? मी तू त्या रात्री जेवताना जे सांगितलंस तेच सांगते. घशाला कोरड पडली होती, मान अवघडली होती. काय वाचत होता, असंही विचारतात. मी म्हणते, कायद्याचा ग्रंथ."

"कसला कायदा? पावसाच्या नोंदींचं पुस्तक होतं. हाताशी होतं ते उचललं. कुठल्या साली किती पाऊस, सहा तास तेच."

चिमीला हसू आलं, ताईलाही येऊ लागलं होतं, पण तिनं ते परतवलं.

"तुला वाटतं मी तुझं घेतलं," चिमी म्हणाली. "घेतलंच. पण ताई, मी बेचाळीस वर्षं दुसऱ्याच मुलीसारखी होण्याचा प्रयत्न करतेय. प्रत्येक मोर्चात, प्रत्येक कोर्टात. कुणी धमकी दिली की मनात म्हणते, ती सहा तास बसली होती, तुला सहा मिनिटं उभं राहता येत नाही? आणि ती मुलगी घरी आली की मला विचारते, जेवलीस का. मला काय वाटत असेल? तुला लेकसुद्धा आहे. तीही तुझी."

"तुला माझा हेवा वाटतो?" ताईनं विचारलं. तिला खरंच हे कधी सुचलं नव्हतं.

"रोज."

ताई दारापर्यंत गेली. तिला आनंद व्हायला हवा होता, थोडा झालाही. पण हेव्यावरसुद्धा हिनं हक्क सांगितला, असंही तिला वाटलं. "पाणी पिऊन घे," ती म्हणाली. "बोलताना तुझा घसा बसतो."

*

सभागृह भरलं होतं. कडेच्या पायऱ्यांवरही मुलं बसली होती. तिसऱ्या रांगेत वहिनी टाळ्यांसाठी हात मोकळे ठेवून बसली होती, आणि दादा आता चष्मा पुसत नव्हता, नुसताच हातात धरून होता. व्यासपीठाच्या कडेला खुणांची भाषा करणारी बाई काळा शर्ट घालून उभी राहिली. कुलगुरूंनी परिचय करून दिला. त्यात 'एकटीनं' हा शब्द चार वेळा आला. मग चिमी उठली.

तिनं ठरवलं होतं ते वाचायला सुरुवात केली. प्रवेश मिळणं आणि आपलं मानलं जाणं यात फरक असतो, असं पहिलं पान होतं. दुसऱ्या पानावर तो सोमवार यायचा. पान उलटताना तिनं समोर पाहिलं.

ताई ताठ बसली होती. ओठ हलत होते. ती मनात उजळणी करत होती. आणि चिमीला एकदम दिसलं, की ताई चांगलं बोलणार. कागद नसणार, मोठे शब्द नसणार, ती उभी राहील आणि साध्या चार वाक्यांत हे सभागृह तिचं होईल. खुर्ची तिची होतीच, आता व्यासपीठही तिचंच होणार होतं. आपल्याला बेचाळीस वर्षांत एकच गोष्ट नीट येते, बोलणं, आणि त्यातही ही आपल्या पुढे जाणार. हा विचार चांगला नव्हता हे चिमीला कळत होतं. त्या क्षणी प्रामाणिकपणा आणि मत्सर दोघांनी तिला एकच गोष्ट करायला सांगितली, त्यामुळे कुणाचं ऐकलं हे तिला पुढेही कधी ठरवता आलं नाही. तिनं कागद उलटे ठेवले.

"त्या खुर्चीत मी नव्हते," ती म्हणाली.

सभागृहात कुजबूज झाली. कुलगुरू अर्धवट उठले आणि पुन्हा बसले.

तिनं सगळं सांगितलं. कार्ड, पाटी, वडिलांच्या दोन खोल्या. ग्रंथपालांनी एका बाईचं तोंड दोन वर्षं पाहिलं नाही म्हणून तिचं नाव दुसरीला चिकटलं, हे तिनं असं सांगितलं की पुढच्या रांगेतल्या मुलीनं डोळे टिपले. पावसाच्या नोंदींचं पुस्तकही सांगितलं. "अन्याय फक्त पाटीवर लिहिलेला नसतो," ती म्हणाली, "तो न बघितलेल्या चेहऱ्यात असतो. मी चाळीस वर्षं त्याविरुद्ध बोलले आणि चाळीस वर्षं तेच केलं, माझ्या सख्ख्या बहिणीबाबत. दालनाला माझं नाव लावू नका." तिचा घसा बसला, आणि तो अगदी योग्य जागी बसला.

मुलं उभी राहिली. आधी पायऱ्यांवरची, मग सगळी. टाळ्या थांबेनात. वहिनीसुद्धा उठून वाजवत होती. कुणासाठी ते तिलाही सांगता आलं नसतं.

*

ताई उठली नाही.

तिचे हात मांडीवर होते. महिनाभर ती पहिलं वाक्य घोकत होती. 'त्या खुर्चीत मी होते.' साधं, चार शब्दांचं. तेच चिमीनं उलटं करून म्हटलं होतं आणि त्याच्यावर चाळीस वर्षांचा सराव ओतला होता. आता ताईनं उठून काय सांगायचं? हो, मीच ती, एवढंच. मागून दोन मुलं बोलत होती. "काय हिंमत आहे मॅडमची," एक म्हणाला. "दुसरं कुणी असं उभं राहून कबूल केलं असतं?"

खोटं होतं तोवर चिमीचं होतं, आता खरंही तिचंच झालं. लेकीनं ताईच्या खांद्यावर हात ठेवला आणि ती पुटपुटली, "आई, सांगितलं तिनं. झालं." लेकीचे डोळे भरले होते आणि ती मावशीकडे बघत होती.

कुलगुरूंनी माइकवरून ताईला वर बोलावलं. दोन मुलं हाताला धरून घेऊन गेली, तिला धरायची काही गरज नसताना. पुन्हा टाळ्या झाल्या. चिमीनं पुढे होऊन तिला मिठी मारली आणि समोर सगळीकडे फोन वर झाले. मग चिमीनं माइक तिच्या हातात दिला आणि हळूच म्हणाली, "दोन शब्द बोल."

ताईनं माइक तोंडाशी नेला. "हिनं सांगितलं ते खरं आहे," ती म्हणाली. "सगळं. माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं."

लोक प्रेमानं हसले. कुलगुरू माइक घ्यायला पुढे झाले.

"एक राहिलं," ताई म्हणाली. "ते हिला माहीत नाही, कारण मी ते कुणालाच सांगितलं नाही."

कुलगुरू थांबले. तिसऱ्या रांगेत दादानं चष्मा घातला.

"आज इथे लिहिलंय, सांगतात, की ती मुलगी न्यायासाठी बसली. मला न्याय वगैरे काही कळत नव्हतं. पाटी मी रोज बघत होते, तिचा मला राग येत नव्हता. भिंतीचा येतो का राग? आमच्या घरात एकीलाच शिकवता येणार होतं. मार्क दोघींचे चांगले होते, माझे थोडे जास्तच. पण वडील म्हणाले, मोठीनं कामाला लागावं. मी लागले. मग त्या सोमवारी हिला ताप आला आणि हिचं कार्ड घरी राहिलं. मी ते उचललं."

चिमीचा हात अजून तिच्या खांद्यावर होता. तो तिथेच थांबला.

"मला हिचा हेवा वाटत होता. बाकी काही नाही. मला बघायचं होतं, की त्या खुर्चीत असं काय आहे जे हिला चालतं आणि मला चालत नाही. म्हटलं, बसून बघू, फेकून देते का. तिनं काही फेकलं नाही. सरळ लाकडाची खुर्ची होती. मग मला उठावंसंच वाटेना. दुपारी बाकीचे आले, ग्रंथपाल ओरडले, तरी वाटेना. ते बाकीचे का आले, मी कधी विचारलं नाही. त्यांनाही कुणीतरी बहीण असेल."

कुणी हसलं नाही. काळ्या शर्टातल्या बाईचे हात क्षणभर थांबले आणि पुन्हा चालू झाले.

"तुमचा आठवडाभर कार्यक्रम चालला," ताई म्हणाली. "मी बाहेर सगळे कागद वाचत आले. हक्क आहे, सन्मान आहे, समता आहे. हेवा हा शब्द कुठे दिसला नाही, म्हणून सांगितलं. लाज वाटते त्याची, म्हणून कुणी लिहीत नाही. पण मला तर त्यानंच बसवलं."

पायऱ्यांवरचा एक विद्यार्थी उभा राहिला. प्रश्नोत्तरांची वेळ अजून झाली नव्हती, पण त्याला कुणी अडवलं नाही. "मग आता?" त्यानं विचारलं. "आता गेला का तो?"

"नाही," ताई म्हणाली. "दहा मिनिटांपूर्वी तर फारच होता."

मागून कुणीतरी एकट्यानं टाळी वाजवली, आणि ती पसरत गेली. चिमीला मिळाली तेवढी मोठी ती नव्हती. मुलं उभी राहिली नाहीत. ती बसून, पुढे वाकून ताईकडे बघत होती, पुढचं ऐकायला.

ताईनं मान वळवली. चिमी टाळ्या वाजवत नव्हती. बेचाळीस वर्षं तिनं त्या सोमवारचा अर्थ लावला होता, पुस्तकं लिहिली होती, आणि हे तिला सुचलं नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं होतं ते ताईनं लगेच ओळखलं. रोज सकाळी आरशात तेच बघत आली होती ती. तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली नाही.

चिमीनं हात पुढे केला. "दे," ती हळू आवाजात म्हणाली. "मी आभार मानते."

"थांब जरा," ताई म्हणाली. "माझं अजून संपलं नाही."